कराटेला घाला, पण आधी शाळेत जाऊन या

पत्राचा सारांश:

माझा मुलगा नववीत आहे. आम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. चौथीपर्यंत तो गावातल्या मराठी शाळेत होता, पाचवीपासून इंग्रजी हायस्कूलला जातो. अंगाने किरकोळ आहे, आवाज अजून फुटलेला नाही. लहानपणापासून भजनाचं वेड. पेटी वाजवतो, गातोही छान. गेल्या वर्षापासून बालरथमधली, म्हणजे शाळेच्या बसमधली, तीन-चार मोठी मुलं त्याला 'बायलो', म्हणजे बायकी, म्हणून चिडवतात, दप्तर लपवतात, मागच्या सीटवर ओढून नेतात, 'एक अभंग म्हण मरे' म्हणून गायला लावतात आणि मोबाईलवर रेकॉर्ड करतात. एक रेकॉर्डिंग वर्गाच्या ग्रुपवर फिरलं. दिवाळीत वाड्यावरच्या मुलांनी नरकासुराचा पुतळा करताना त्याला घेतलं नाही. आता तो भजनाला जात नाही, रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. त्याचे पप्पा म्हणतात, 'त्याला पुरुषासारखं राहायला शिकव. कराटेला घाल. एकदा दोघांना हाणलं की सगळे गप्प बसतील.' आणि परवा मुलगाच म्हणाला, 'आई, मला कराटे शिकायचंय.' मला भीती वाटते. शिकून तो मारामारी करायला लागला तर? शाळेने काढून टाकलं तर? शाळेत काही सांगू नको, अशी शपथ त्याने मला घातली आहे. पुढच्या वर्षी दहावी. काय करू?

एक आई, डिचोली तालुका

ताई,

मुलाने आपल्या तोंडाने 'मला शिकायचंय' म्हटलं, ही मोठी गोष्ट आहे. वर्षभर चेष्टा सोसलेलं पोर बहुतेक वेळा काही मागेनासंच होतं. म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. हो, घाला त्याला क्लासला, आणि फार काळ विचार करत बसू नका. मात्र बालरथमध्ये जे चाललंय ते थांबवण्याची जबाबदारी त्या क्लासवर आणि त्या पोरावर टाकू नका. ते काम मोठ्या माणसांचं आहे: तुमचं, त्याच्या पप्पांचं आणि शाळेचं. मुलगा क्लासची पायरी चढण्याआधी ते सुरू झालेलं असलं पाहिजे.

पत्रात तुम्ही आधी त्याचं वर्णन केलंय. किरकोळ आहे, आवाज फुटलेला नाही, भजन गातो. त्याला लागूनच छळाची हकिगत येते. वाचताना मला वाटत राहिलं की तुमच्याही मनात या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्यात. तो असा आहे म्हणून त्याला त्रास होतो, आणि तो बदलला की त्रास थांबेल. मी बरीच वर्षं हायस्कूलमध्ये शिकवलं आहे. छळ सोसणाऱ्या मुलांत धिप्पाड मुलं पाहिली, पहिल्या नंबरची पाहिली, फुटबॉलच्या टीममधलीही पाहिली. निमित्ताला काहीही पुरतं. चष्मा, रंग, बोलण्याची ढब, बापाचा धंदा. सगळ्यांच्या बाबतीत सारखं असायचं ते एवढंच, की त्या जागी त्या मुलाच्या बाजूने बोलणारं कोणी नसायचं आणि ती जागा मोठ्यांच्या नजरेआड असायची. मुतारी, जिन्याखालचा कोपरा, बसची मागची सीट.

तुमच्या मुलाच्या बाबतीत त्याचा एकटेपणा बहुधा पाचवीत सुरू झाला असेल. गोव्यात हे कितीतरी मुलांचं होतं. वाड्यावरची चार-पाच पोरं मराठी शाळेतून एकत्र चौथी पास होतात आणि मग वेगवेगळ्या हायस्कुलांत पांगतात. नवीन वर्गात जे इंग्रजीत फटाफट बोलतात त्यांचे गट आधीच जमलेले असतात. उरलेल्यांना कुठे शिरायचं ते लवकर कळत नाही.

शाळेतल्या छळावर जगात ज्यांनी आधी नीट काम केलं त्यांत नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ दान ओल्वेउस यांचं नाव घ्यावं लागतं. छळाला कंटाळून तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर 1983 साली त्या देशाने शाळाशाळांत मोहीम काढली आणि ओल्वेउस यांचा कार्यक्रम तिथून उभा राहिला. त्यात सोसणाऱ्या मुलाला लढायला शिकवण्यावर भर नव्हता. भर होता तो मधल्या सुट्टीत मोठ्यांचं लक्ष असण्यावर, वर्गात सर्वांना माहीत असलेल्या नियमांवर, त्रास देणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी शाळेने स्वतः बोलण्यावर. कॅनडात शाळांच्या मैदानांवर चित्रण करून केलेला एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. छळ चालू असताना बघणाऱ्यांपैकी एखाद्या मुलाने मध्ये पडून हटकलं, तर निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार 10 सेकंदांच्या आत थांबला, असं त्यात दिसलं. म्हणजे तुमच्या मुलाला ब्लॅक बेल्टपेक्षा आधी बसमध्ये शेजारी बसणारा एक मुलगा हवा आहे. कोण बसू शकेल, हे त्याला विचारा. त्याला नाव माहीत असेल. त्या मुलाच्या आईला फोन करा, दोघांना सकाळी एकाच थांब्यावर चढू द्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसू द्या.

आता शपथेचं. ती मोडून त्याच्या पाठीमागे शाळेत जाऊ नका. पण ती पाळत गप्पही बसू नका. त्याच्याकडून ती सोडवून घ्या. रात्री जेवणं झाल्यावर, पप्पा घरी असतील तर तेही असू देत, त्याला सांगा: 'तुला न विचारता मी काही करणार नाही. पण हे ऐकून मी घरी बसणारही नाही. शाळेत काय सांगायचं, कोणाला सांगायचं, कोणाचं नाव घ्यायचं, ते आपण मिळून लिहू.' मुलं 'सांगू नको' म्हणतात ती बहुतेक सांगण्याला भीत नाहीत. सांगितल्यावर मोठी माणसं जो गोंधळ घालतात त्याची त्यांना भीती असते. वर्गात उभं करून 'याला कोण त्रास देतं?' असं विचारणारे शिक्षक त्यांनी पाहिलेले असतात.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट विचारा, आवाज न चढवता. बसमध्ये कोणी कपडे ओढतं का, नको तिथे हात लावतं का? मुलगे हे आपणहून सांगत नाहीत, 'बायलो' म्हणून ज्यांना हिणवलंय ते तर मुळीच सांगत नाहीत. उत्तर हो असेल तर हा चेष्टेचा प्रकार राहत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर दिवसा-रात्री कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत.

शाळेत जाताना लिहून न्या. तोंडी तक्रार ऑफिसच्या दारातच विरते, हे मी आतून पाहिलं आहे. एका पानाचं पत्र पुरे. 'माझ्या मुलाला त्रास देतात' असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, सकाळच्या की दुपारच्या फेरीत, कोणी काय केलं, कोणाकोणासमोर केलं, ते लिहा. रेकॉर्डिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, ग्रुपवरून ते पुसलं जाण्याआधी. मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मागायचं तेही साधं असू द्या: मोठ्या मुलांच्या सीट ठरवून द्या आणि त्या पुढे, बालरथमधल्या मदतनिसाच्या समोर ठेवा, रेकॉर्डिंग ग्रुपवरून आणि मुलांच्या फोनमधून काढायला लावा, आठवड्याने आम्हाला परत बोलवा. मदतनिसाशी शाळेने स्पष्ट बोलायला हवं. मुलं चढवायची आणि उतरवायची एवढंच आपलं काम, असं त्यांच्यापैकी पुष्कळांना वाटतं, कारण त्यापलीकडचं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

शाळा म्हणेल, 'दोघांना समोरासमोर बसवून समेट करून टाकू.' याला नम्रपणे नाही म्हणा. दोन मित्रांचं भांडण झालं तर समेट होतो. इथे तिघं-चौघं एका बाजूला आहेत आणि एक मुलगा दुसऱ्या बाजूला. त्यांच्यासमोर त्याला हात मिळवायला लावलं तर दुपारच्या फेरीत त्याचे हाल होतील. त्या मुलांशी शाळेने वेगवेगळं बोलावं. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून हायस्कुलांना समुपदेशक मिळतात. तुमच्या शाळेत ते कोणत्या वारी येतात ते विचारून घ्या आणि त्यांनी त्या मुलांनाही भेटावं असा आग्रह धरा. जो नववी-दहावीचा मुलगा रोज दुसऱ्याला रडवण्यात वेळ घालवतो, त्याच्याही घरात काहीतरी चाललेलं असतं.

आणि ताई, त्यांच्या आईबापांच्या दारात जाऊ नका, पप्पांनाही जाऊ देऊ नका. गावात सगळे कोणी ना कोणी लागतात. आज मुलांचं भांडण, उद्या ते देवस्थानच्या बैठकीत निघतं, मग दोन घरांत जाणं-येणं बंद, आणि या सगळ्याला कारण आपणच, असं तुमच्या मुलाला वाटत राहतं.

आता क्लासबद्दल मनमोकळं बोलते, कारण मला या विषयाबद्दल खरंच आस्था आहे.

जुडोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म 1860 चा. मुलगा असताना ते अंगाने लहान आणि अशक्त होते, आणि निवासी शाळेत मोठी मुलं त्यांना छळायची. म्हणून जुजुत्सू ही जुनी जपानी युद्धकला शिकायचं त्यांच्या मनाने घेतलं. घरच्यांना ते पसंत नव्हतं. 1882 साली त्यांनी कोदोकान ही आपली शाळा काढली, पुढे आयुष्यभर शिक्षक आणि मुख्याध्यापक म्हणून काम केलं, आणि 1909 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर गेलेले ते पहिले आशियाई सदस्य झाले. त्यांची गोष्ट छळापासून सुरू झाली, पण छळणाऱ्या पोरांपाशी अडकून राहिली नाही. तुमच्या मुलाने क्लासला जायचं ते या अर्थाने. त्या तिघा-चौघांना दाखवून देण्यासाठी गेला, तर क्लासमध्येही तेच त्याच्या डोक्यात बसलेले राहतील.

क्लासमधून मिळतं काय? जुडोच्या क्लासला एकदा नुसतं बसून बघा. पहिले कित्येक दिवस पडायलाच शिकवतात. मॅटवर उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करून मागे लोळायचं आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यांसकट मॅटवर आपटायचे. मान आत असल्यामुळे डोकं आपटत नाही आणि धक्का हातांवर वाटला जातो. नवी मुलं मान ताठ धरतात, पडण्याआधीच हात मागे टेकवायला जातात, आणि सर परत परत तेच सांगतात, 'चिन इन, हात बाजूला.' मग उभ्याने पडणं, बाजूला पडणं, कोणी ढकलल्यावर पडणं. काही आठवड्यांनी मूल धडाधडा पडतं आणि लगेच उठून रांगेत जातं. ज्याला बसमध्ये रोज ढकलतात, ओढतात, त्याच्या शरीराला हे कळणं फार मोलाचं आहे, की पडलो तरी मोडत नाही, परत उभं राहता येतं. भीतीने आवळलेले खांदे तिथे पहिल्यांदा सुटताना दिसतात.

कराटेतही असंच काहीतरी आहे, आणि ते तुमच्या मुलाच्या खास उपयोगाचं आहे. ठोसा मारताना मोठ्याने आवाज काढतात, त्याला किआई म्हणतात. नवी मुलं लाजतात, घशातल्या घशात काहीतरी पुटपुटतात. सर म्हणतात, पोटातून काढ. ज्या मुलाला दमसास राखून गायची सवय आहे त्याला पोटातून श्वास सोडणं ठाऊक असतं. काता म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींचा संच, ज्याला लयीचं अंग आहे त्याला तो लवकर बसतो. म्हणजे ज्या गाण्यावरून त्याला चिडवतात ते गाणंच त्याला तिथे कामी येईल. हे त्याला अवश्य सांगा.

तिसरा फायदा क्लासच्या भिंतींतला आहे. तिथे त्याला 'बायलो' म्हणून ओळखणारं कोणी नसतं. तो नवीन मुलगा असतो, एवढंच. म्हणून क्लास निवडताना ती मुलं तिथे येत नाहीत ना, हे आधी बघा. गावातल्या पंचायतीच्या हॉलमधला क्लास जवळ पडतो, पण त्याऐवजी डिचोली किंवा म्हापशाचा बरा पडू शकेल. जवळच्या क्रीडा संकुलात गोवा क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक काय शिकवतात, तेही विचारून या.

कराटे, जुडो की तायक्वांदो? कराटेत हाताचे वार आणि काता, तायक्वांदोत लाथा, जुडोत पकडी, फेकणं आणि पडणं. बसमध्ये ओढाओढी होते म्हणून जुडो त्याला जास्त जवळचा, असं मी म्हणेन. पण मुलाने कराटे म्हटलंय आणि चांगले सर कराटेचे असतील, तर कराटे. शिकवणारा माणूस कसा आहे, हे कलेच्या नावापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

तुमची भीती, की शिकून तो मारामारी करेल, निराधार नाही. अमेरिकेत मायकल ट्रुल्सन यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. मुलं मोजकीच होती, तरी तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाया जाऊ लागलेल्या किशोरवयीन मुलांच्या एका गटाला त्यांनी तायक्वांदो पारंपरिक पद्धतीने शिकवलं, म्हणजे ध्यान, समोरच्याचा आदर, संयमाचे धडे यांच्यासकट. दुसऱ्या गटाला नुसतं मारणं-अडवणं शिकवलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटातली आक्रमकता उतरलेली होती आणि दुसऱ्याची वाढलेली. ओल्वेउस यांनीही 2005 साली एका सहकाऱ्याबरोबर नॉर्वेतल्या मुलग्यांचा अभ्यास केला, त्यात बॉक्सिंग, कुस्ती, मार्शल आर्ट्स यांसारखे ताकदीचे खेळ खेळणाऱ्यांत मारामारी आणि बेशिस्त वाढलेली आढळली. क्लासला घातलं म्हणजे मूल आपोआप शहाणं होतं, असं मानून चालणार नाही.

म्हणून फी भरण्याआधी दोन संध्याकाळी क्लासला जाऊन बसा. सर आईवडिलांना बसू देत नसतील तर तिथूनच परत या. नव्या मुलाची चूक झाल्यावर सर काय करतात ते बघा, सगळे हसतात का, आणि हसले तर सर थांबवतात का. मुली येतात का, छोट्या मुलांशी मोठे कसे वागतात, समोरासमोरच्या लढतीत तोंडातला गार्ड आणि हातमोजे वापरतात का, की पहिल्याच आठवड्यात नव्या पोराला जुन्यासमोर उभं करतात, हे सगळं डोळ्यांनी दिसतं. वर्षभरात ब्लॅक बेल्ट देतो म्हणणारे भेटतील. नियमित सराव केला तरी त्याला चार-पाच वर्षं सहज लागतात. दर बेल्टच्या परीक्षेची फी, गणवेश, स्पर्धांचा खर्च आधीच विचारून घ्या, तो मागाहून वाढत जातो. आणि सरांना मुलाबद्दल एकट्याने गाठून सांगा, मग विचारा, 'बसमध्ये कोणी ढकललं तर तुम्ही त्याला काय करायला सांगाल?' 'एक पंच शिकवतो, बघा' असं उत्तर आलं तर दुसरा क्लास शोधा. कराटे जपानभर पोचवणारे गिचिन फुनाकोशी यांनी घालून दिलेल्या नियमांत कराटेत पहिला वार नसतो, असा एक नियम आहे. चांगल्या सरांना तो पाठ असतो आणि मुलांनाही ते तो पाठ करायला लावतात.

पहिले तीन-चार महिने जपून असा. या काळात मुलाला थोडं येऊ लागतं आणि खूप येतं असं वाटू लागतं. चालत्या बसमध्ये, दोन सीटांच्या मधल्या फटीत, चौघांसमोर येलो बेल्टचा काही उपयोग नसतो. घरी पाहुणे आले की 'दाखव रे काय शिकलास' असं करू नका. क्लासला जातोस हे बसमध्ये सांगू नकोस, असं त्यालाही समजावा. कळलं तर ती मुलं आधी त्याचीच परीक्षा घेतील.

कायद्याचंही त्याला त्याच्या भाषेत सांगा. आपला जीव, आपलं अंग वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, भारतीय न्याय संहितेत तो कलम 34 ते 44 मध्ये दिलेला आहे. पण बचावापुरतंच बळ वापरायचं, त्याहून जास्त नाही. कोणी मनगट धरलं तर सोडवून घ्यायचं, मदतनिसाकडे जायचं. धोका टळल्यावर, उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी गाठून मारलं तर तो बचाव राहत नाही, आणि मग शाळेत चूक तुमच्या मुलाची ठरते. 'दोघांना हाणलं की गप्प बसतील' या सल्ल्यात हा धोका आहे.

त्याऐवजी घरी रोज पाच मिनिटं एवढा सराव घ्या. तुम्ही त्याचं दप्तर ओढा. त्याने सरळ उभं राहून, तुमच्याकडे बघत, न हसता म्हणायचं, 'सोड. दप्तर दे.' आणि लगेच पुढच्या सीटकडे चालू लागायचं. चिडवलेलं मूल कसंनुसं हसतं, म्हणून न हसण्यावर जोर द्या. शिव्यांना उत्तर नको, लांबलचक बोलणं नको. सुरुवातीला त्याला ते खोटं खोटं वाटेल. करत राहा.

पप्पांबद्दल लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. मुलाचा छळ झाल्याचं कळल्यावर कुठल्याही बापाचं रक्त तापतं, आणि 'कराटेला घाल' यामागे त्यांची मायाच आहे. पण 'पुरुषासारखं राहा' हे वाक्य त्या मुलाने घरात ऐकलं की बसमधली मुलं म्हणतात ते खरंच आहे, असं त्याला वाटणार. बाहेर आणि घरात एकच ऐकू आलं तर पोराने जायचं कुठे? पप्पांना हे तुम्ही एकट्यात सांगा. गोव्याच्या माणसाला गाणाऱ्या पुरुषाचं नवल वाटायचं कारण नाही. मंगेशीचे मास्टर दीनानाथ स्त्रीभूमिका करत आणि गात, आणि त्या गाण्यासाठी लोक त्यांना डोक्यावर घेत. आपल्या गावोगावच्या भजन-आरतीत पेटी, पखवाज, घुमट ही वाद्यं वाजवायला बसलेले सगळे कोण असतात? कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत तर मुलांचा वेगळा गट असतो. पप्पांनी एका रात्री त्याला स्वतः स्कूटरवर बसवून भजनाला नेलं, शेवटपर्यंत तिथे बसले, तर ते काम कराटेचे सहा महिने करू शकणार नाहीत. नाही जायचं म्हणाला तर ओढून नेऊ नका, पण पेटी कपाटावर चढवून ठेवू नका. क्लास लावला म्हणून गाणं बंद, असा सौदा तर अजिबात करू नका.

पोटदुखी मनावर घ्या. डॉक्टरांना एकदा दाखवा, पण तपासणीत काही निघालं नाही म्हणजे तो नाटक करतोय असं समजू नका. झोप उडाली, जेवण कमी झालं, 'मी नसलेलोच बरा' असं काही तो बोलला, अंगावर ओरखडे दिसले, तर क्लास आणि शाळा बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास विनामूल्य चालू असतो. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत मुलांनाही तपासतात. तिथे जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे आधी तुम्ही स्वतःला पटवा.

शाळेने पत्राला दाद दिली नाही, असंही होऊ शकतं. मग शाळेच्या व्यवस्थापनाला आणि पालक-शिक्षक संघाला त्याच पत्राची प्रत द्या, त्यानंतर शिक्षण खात्याच्या तालुका कार्यालयात जा. प्रत्येक वेळी पोच घ्या. एकाच बसमधल्या आणखी दोन पालकांनी सही केली तर पत्राचं वजन वाढतं, आणि विचारलंत तर कळेल की त्रास एकट्या तुमच्या मुलाला नव्हता.

मुलींच्या आया मला असंच विचारतात, त्यांनाही हेच उत्तर आहे. फक्त क्लासमध्ये पकडी शिकवताना कोण कोणाबरोबर सराव करतं, हे त्यांनी आधी बघून घ्यावं. आणि ज्या मुलाला मार्शल आर्ट्स मुळीच नको आहे, त्याला जबरदस्तीने घालू नये. पोहणं, मल्लखांब, ढोल-ताशांचं पथक, नाटक, काहीही चालेल, जिथे आठवड्यातून दोनदा तीच माणसं भेटतात आणि शरीर वापरावं लागतं.

शेवटचा तुमचा प्रश्न दहावीचा. दहावीसाठी क्लास बंद करू नका. आठवड्यातले दोन दिवस, येण्या-जाण्यासकट दीड-दोन तास, एवढ्याने अभ्यास बुडत नाही, उलट रात्री झोप चांगली लागते. आत्ताच सरांना सांगून ठेवा की पुढच्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत बेल्टची परीक्षा आणि स्पर्धा नको, नुसता सराव चालेल. एक परीक्षा चुकली तर पुढची देता येते. आणि बालरथची वेळ आणि क्लासची वेळ जुळत नसेल, तर क्लासच्या दिवशी त्याला शाळेतून आणायला पप्पांनी जावं.